शमुवेल मास्तरांची साक्ष

शमुवेल मास्तरांना स्वतःविषयी चार चांगली वाक्यं वेळेवर लिहिता आली असती, तर त्यांचं आयुष्य निराळं झालं असतं. पारनेरकडच्या काही माळांचंही कदाचित झालं असतं. हे मी उगाच फुगवून सांगत नाही. मी तिथं होतो, पेटी वाजवायला बसलेला.

आठवण निघाली ती नातवामुळं. तो सध्या अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज पाठवतोय, पुढच्या शिक्षणाचा खर्चही तिकडूनच मिळावा असे अर्ज. परवा त्यानं मला त्यातलं एक पान वाचून दाखवलं. मी कोण, मी काय केलं, तुम्ही मलाच का घ्यावं, असं ते पान. मिसरूड फुटून फार दिवस झाले नाहीत, पण त्या पानात तो जन्मजात संशोधक होता, पुढारी होता, आणि एका उन्हाळ्यात त्यानं एका अख्ख्या गावाचं भलं केलेलं होतं. मी विचारलं, "अरे, खरं आहे का हे?" तर म्हणतो, "आजोबा, असंच लिहायचं असतं. सगळे लिहितात." असंच लिहायचं असतं हे ठाऊक नसलेला एक माणूस मी पाहिलाय, आणि तो असल्या दहा जणांना पुरून उरला असता.

नगरला मी ड्रॉइंगमास्तर म्हणून लागलो तेव्हा लढाई चालू होती. शाळा ख्रिस्ती लोकांची, मी पारनेरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. खोली मिळाली ती शमुवेल वाघचौरे मास्तरांच्या घराला लागून. पहिल्याच दिवशी सामान उतरवून बघतो तर एक उंच माणूस माझ्या ट्रंकेशेजारी उकिडवा बसलाय आणि तिच्या बुडाला लागलेली माती नखानं खरवडून तळहातावर घेतोय. मला वाटलं, वेडा असावा. वर बघून म्हणाला, "पारनेरकडची दिसते. मुरमाड आहे. पाणी धरत नाही." आणि लगेच उभा राहून, "माफ करा, माझ्या हातून आगाऊपणा झाला."

हे शमुवेल मास्तर. विज्ञान शिकवत. पुण्याला राहून पदवी घेतलेली. भर उन्हाळ्यातसुद्धा अंगात काळा कोट, आणि खांदे असे पुढं आलेले, की हा माणूस कायम कुणाच्या तरी बुटक्या दारातून आत शिरतोय असं वाटावं. "माझ्या हातून राहिलं," "माझ्या हातून चुकलं," हे त्यांच्या तोंडी दिवसातून किती वेळा यायचं त्याला हिशेब नाही. शिपायानं घंटा उशिरा दिली, माझ्या हातून राहिलं. पोरांनी काच फोडली, माझं लक्ष नव्हतं. मी एकदा वैतागून म्हणालो, "मास्तर, लढाईसुद्धा तुमच्याच हातून सुरू झाली का?" त्यावर ते खरोखर विचारात पडले हो. असल्या माणसाची चेष्टा तरी काय करणार?

आणि माती. मिरजगावची माती, कर्जतची, राळेगणसिद्धीची, रस्त्याकडेची, विहिरीतली. औषधाच्या नाहीतर शाईच्या बाटलीत घालायची, वर पाणी ओतायचं, खदाखदा हलवायचं आणि खिडकीत ठेवून द्यायचं. मग जाड कण खाली, बारीक वर, असे थर बसत. वर्गात पोरांना ते थर दाखवताना हा वाकलेला माणूस ताठ व्हायचा. आवाज बदलायचा. पोरं जागची हलायची नाहीत. मी शेजारच्या वर्गात पोरांना कुंडीचं चित्र काढायला लावून स्वतः खिडकीशी जाऊन ऐकायचो.

त्यांच्या पत्नी मार्थाबाई मुलींच्या वसतिगृहावर कामाला होत्या. काटक, तोंडाच्या फटकळ. मला पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, "भाऊजी, या घरात रॉकेलला बाटली मिळायची नाही. मातीला मिळंल." पण मास्तर गावोगाव फिरून आले की त्यांच्या बुटांची माती मार्थाबाईच कागदावर झाडून घेत आणि पुडीवर गावाचं नाव लिहून ठेवत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता साक्षीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं.

दर बुधवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, त्यांची प्रार्थनासभा भरायची. त्यांचा पेटीवाला पलटणीत गेलेला. मला पेटी येते हे मार्थाबाईंनी कुठून तरी काढलं आणि मला बोलावणं आलं. धर्म आपला आपल्यापाशी, सूर काही कुणाच्या मालकीचे नसतात, म्हणून मी जायला लागलो. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. गाणं झालं की एकेकानं उठून साक्ष द्यायची. म्हणजे आधी आपले दोष चारचौघांत सांगायचे, मी असा, मी तसा, मी कशाच्याच लायक नाही. मग थोडं थांबायचं, मान खाली घालायची. आणि मग म्हणायचं, "पण." पण प्रभूनं मला टाकलं नाही. त्या "पण"वर सगळी सभा सुटल्यासारखी "आमेन" म्हणायची. जो स्वतःला जितका खाली नेईल तितका तो तिथं मोठा. आणि शमुवेल मास्तरांइतकं खाली कुणाला जाताच येत नसे. त्यांची साक्ष ऐकायला खेड्यांवरून लोक यायचे. मला आधी हसू आलं होतं. नंतर एकदा त्यांनी आपल्या वडिलांवर हात उचलल्याची गोष्ट सांगितली, तेव्हा पुढच्या गाण्याचा सूर मला पेटीवर सापडेना.

माझा मामा धोंडिबा पारनेर तालुक्यात एका वाडीला होता. उताराचं रान, दरसाल माती वाहून जायची. मास्तरांनी पुस्तकं वाचून शोधून काढलं, की उताराला आडवे बांध घालायचे, म्हणजे माती अडते. मामानं त्यांचं ऐकलं. उन्हाळाभर बायको-पोरांसकट खपून बांध घातले. मास्तर सुट्टीत स्वतः पाटी उचलायला होते, तो काळा कोट झाडाला टांगून. हस्ताच्या एका पावसात वरचा बांध फुटला. तो फुटला तसा त्याच्या पाण्यानं खालचा फुटला, त्याच्यानं त्याच्याखालचा. कापायला आलेली बाजरी गेली आणि बाजरीखालची जमीनही गेली. बांध नसते तर इतकं गेलं नसतं.

निरोप आला तसे आम्ही दोघे मोटारीनं पारनेरला आणि तिथून चालत वाडीवर गेलो. मास्तर मामापुढं टोपी काढून उभे राहिले. "धोंडिबा, माझ्या हातून झालं हे."

मामा चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. बांधाच्या खिंडाराकडं बघत म्हणाला, "कुनाच्या हातनं झालं ते ऱ्हाऊ द्या, मास्तर. बांधात तुंबल्यालं पानी कुटून आन् कसं भाईर काढायचं, ते सांगा."

"ते मला येत नाही."

"मग कुनाला येतंय?"

मास्तरांनी सांगितलं. अमेरिकेत असाच उतार आहे, असाच एकदम कोसळणारा पाऊस आहे. तिथं बांध कुठं घालायचा, जादा पाण्याला वाट म्हणून सांडवा कुठं ठेवायचा, हे माती बघून ठरवायचं शास्त्र आहे. विद्यापीठात शिकवतात. नुसतं पुस्तकावरून जमत नाही.

"मग जावा की तिकडं," मामा म्हणाला. "शिकून या. आमी कुटं जातोय? हितंच हाय."

त्या दिवसापासून त्यांना अमेरिकेला जायचं होतं. नाव काढायला नाही, हे मी शपथेवर सांगीन. मामाच्या त्या प्रश्नाचं उत्तर आणायला.

तिकडच्या एका विद्यापीठाशी त्यांनी पत्रव्यवहार केला. पदवीचे कागद, मातीवरची त्यांची टिपणं, सगळं पाठवलं. विद्यापीठानं जागा दिली, शिकवणीची फीसुद्धा माफ केली. पण बोटीचं भाडं आणि तिथं राहण्याचा खर्च कोण देणार? शिवाय लढाईमुळं बोटी बंद. विद्यापीठानं कळवलं, लढाई संपू द्या, खर्चाची सोय करा, जागा तुमचीच आहे. लढाई संपली. आणि मुंबईच्या एका विश्वस्त मंडळानं जाहीर केलं, की दरसाल एका लायक माणसाला परदेशी शिक्षणाचा सगळा खर्च देऊ. वय पस्तिशीच्या आत हवं. मास्तरांच्या हातात दोनच वर्षं होती.

अर्जाबरोबर एक पान मागितलं होतं. नातवानं वाचून दाखवलं तसलंच. तुम्ही कोण, आणि तुम्हालाच का.

आता ज्या माणसाला स्वतःविषयी बोलायची एकच रीत जन्मापासून शिकवलीय, तो काय लिहिणार? त्यांनी साक्ष लिहिली. "मी अल्पबुद्धी मनुष्य आहे. माझे शिक्षण परक्यांच्या दयेवर झाले. माझ्या अज्ञानामुळे एका कष्टाळू शेतकऱ्याचे पीक आणि जमीन वाहून गेली. मी या साहाय्यास पात्र नाही." असं इंग्रजीत सगळं पान. शेवटी दोन ओळी, की तरीही संधी मिळाल्यास मी कष्टात कसूर करणार नाही. त्यांच्यात कुठलाही महत्त्वाचा कागद, मग तो नोकरीचा असो की सोयरिकीचा, आधी सभेत वाचायचा, त्यावर प्रार्थना व्हायची आणि मगच तो टपालात पडायचा. मास्तरांनी त्याचं मराठी करून वाचलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. सभा चालवणारे त्यांचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "मास्तर, इतकी निर्मळ साक्ष मी आजवर ऐकली नव्हती."

बाहेर आल्यावर मला राहवेना. म्हटलं, "मास्तर, म्हैस बाजारात नेल्यावर हिला दूध कमी आहे असं कुणी सांगतं का?"

"मी म्हैस नाही, ड्रॉइंगमास्तर," ते शांतपणे म्हणाले. "आणि वाचणारे शिकलेले लोक आहेत. खरं बोलणारा माणूस त्यांना कळेल."

मुंबईला मुलाखतीचं बोलावणं तरी आलं. त्यांची पदवी आणि विद्यापीठाचं पत्र बघून आलं असणार. चार दिवसांनी परतले ते थेट ओट्यावर बसले. मार्थाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला.

"त्यांनी विचारलं," मास्तर म्हणाले, "इतके उमेदवार आहेत, त्यांत तुम्ही सगळ्यांत लायक आहात असं तुम्हाला वाटतं का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही."

मार्थाबाईंनी डोळे मिटले.

"मग मी थांबलो. आपल्यात थांबतात ना. पुढं मी सांगणार होतो, की पण धोंडिबाच्या रानात मी उभा राहिलोय, पण ही माती मला माहीत आहे. सगळं तयार होतं. तर ते म्हणाले, आभारी आहोत, आपण जाऊ शकता."

"आणि तुम्ही उठलात?"

"ते जा म्हणाले."

मार्थाबाई उठून आत गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. बराच वेळ तो आवाज येत होता.

मास्तरांनी मला हळूच आणखी एक सांगितलं. मंडळातल्या एक बाई त्यांच्यामागं व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी या, विद्यापीठाचं पत्र फार चांगलं आहे. पण तुम्ही काय केलंत ते सांगा. काय केलं नाहीत ते आम्हाला नको. म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. एक वर्ष उरलं होतं.

ते वर्ष मार्थाबाईंनी अंगावर घेतलं. जेवताना, चालताना, चर्चला जाताना एकच. "तुमच्या हाताखाली शिकलेली किती पोरं शेतकी खात्यात लागली, ते लिहा. मातीचे नमुने कुणी गोळा केले, मी केले का? लिहा." मीही एक खर्डा करून दिला. चांगला दणकून लिहिला होता. मास्तरांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हा गृहस्थ कोण? माझी ओळख करून द्या एकदा." मी चिडून तो फाडला.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षाचा तो पावसाळा. अर्जाची मुदत जवळ आली तेव्हा एका रविवारी त्यांनी स्वतः पान लिहून काढलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. त्यात बढाई नव्हती. कुठली माती तपासली, तिच्यात काय सापडलं, बांध का फुटला आणि तो फुटू नये म्हणून काय शिकायला हवं, हे सरळ लिहिलं होतं. शेवटी होतं, "हे काम मला येईल. या जिल्ह्यात ते करण्यास माझ्याइतकी तयारी असलेला दुसरा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही." मार्थाबाईंनी पाकीट आणून पुढं ठेवलं.

"उद्या सकाळी टाका टपालात."

"बुधवारी वाचतो, मग टाकतो."

"या वेळी नको वाचू," त्या म्हणाल्या. नवऱ्याशी एकेरीत बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं. "माझं ऐक. नको वाचू."

"प्रार्थनेशिवाय पाठवू? इतकी मोठी गोष्ट?"

बुधवारी त्यांनी ते वाचलं. मी पेटीवरून बघत होतो. लोक एकमेकांकडं बघत नव्हते, सतरंजीकडं बघत होते. जणू मास्तरांनी चारचौघांत काहीतरी लाजिरवाणं केलं होतं.

पाळकसाहेब प्रेमानं म्हणाले, "मास्तर, यात मीपणा फार आहे. तुम्ही आमच्यात सगळ्यांत नम्र. हे तुमचं बोलणं नाही. अमेरिकेच्या मोहानं तुमच्याकडून हे लिहून घेतलंय. पंधरा दिवस हा कागद बाजूला ठेवा. आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करू."

बायकांच्या बाजूनं मार्थाबाई उभ्या राहिल्या. "येत्या सोमवारी मुदत संपतीय, पाळकसाहेब."

"प्रभूच्या मनात असेल तर मुदत वाढेल, बाई."

मास्तरांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "बरं."

मला त्या सगळ्यांचा राग आला. अजून येतो. पाळकसाहेब वाईट माणूस असता तर निदान त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण तापानं पोरं आजारी पडली की रात्रभर उशाशी बसणारा माणूस तो. त्याला खरंच वाटत होतं, की आपण मास्तरांना वाचवतोय. शनिवारी मी मास्तरांना म्हटलं, "द्या तो कागद. मी टाकतो टपालात. पाप लागलं तर मला लागेल, मी तुमच्यातला नाही."

"मी सभेला बरं म्हटलंय," ते म्हणाले.

सोमवार गेला. मुदत वाढली नाही. त्या वर्षी कोण गेलं ते मला माहीत नाही, आणि मी चौकशीही केली नाही. पुढच्या अर्जाच्या वेळी मास्तरांचं वय उलटलेलं होतं. विद्यापीठाला त्यांनी जागा सोडत असल्याचं कळवलं आणि क्षमा मागितली.

मामानं त्यानंतरही दोन वर्षं वाट पाहिली. पारनेरच्या बाजाराला भेटला की विचारायचा, "तुमचं मास्तर गेलं का न्हाई अजून?" मी म्हणायचो, जातील. मग रानाचा पार ओढा झाला, आणि मामा बिऱ्हाड उचलून साखर कारखान्याकडं मजुरीला गेला. मास्तरांना मी ते सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या हातून झालं, असं म्हणतील अशी मी वाट पाहत होतो. म्हणाले नाहीत.

ते शिकवत होते, बुधवारी सभेला येत होते, पण साक्षीला उठत नव्हते. लोकांना वाटलं, पश्चात्ताप चालू आहे. पाळकसाहेबही घाई करत नव्हते.

पुढं मला पुण्याला नोकरी लागली. मी गेल्यावर दोन-तीन वर्षांत मास्तर छातीच्या दुखण्यानं वारल्याचं कानावर आलं, मला जाता आलं नाही. म्हणून माझ्यासाठी मास्तर शेवटचे तेच, मी नगर सोडायच्या आधीच्या बुधवारचे.

गाणं झालं, आणि मास्तर उठले. सभेत हालचाल झाली. लोक सरसावून बसले. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी मास्तर बोलणार होते.

ते म्हणाले, "माझ्यात काही उणं नव्हतं."

कुणाला आधी कळलंच नाही.

"ते काम मला आलं असतं. जाण्याच्या मी लायक होतो. मला ते तेव्हाही माहीत होतं."

एवढं बोलून ते थांबले. मान खाली घातली नाही. समोर बघत उभे राहिले. सगळी सभा "पण"ची वाट बघत होती. मीही बघत होतो, खोटं कशाला सांगू. सवयच लागली होती.

मास्तरांनी कोपऱ्यातली टोपी उचलली आणि लोकांच्या मधून वाट काढत बाहेर गेले. पायरीवर बसून बूट घालू लागले. बायकांच्या बाजूनं मार्थाबाई उठल्या. सभा चालू असताना कुणी बाई अशी उठून गेलेली मी पाहिली नव्हती. त्या बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या, त्यांचे बूट घालून होईपर्यंत.

पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "गाणं घ्या," म्हणाले. मी भाता ओढला. खिडकीतून ती दोघं रस्त्याला लागलेली दिसत होती. लोक मोठ्यानं गात होते, आणि सगळी कडवी संपेपर्यंत मी वाजवत राहिलो.